अडलेली कॅरेज आणि कचेरीतली मराठी : टाइपरायटरचा एक धागा

१/
इंग्रजी टाइपरायटरवर दोन अक्षरे एकाच जागी एकमेकांवर उमटली, तर यंत्र बिघडले असे समजावे. मराठी टाइपरायटरवर मात्र ‘के’ नीट उमटायचे असेल, तर क आणि त्याची मात्रा एकाच जागी उमटावी लागते. घटना एकच, एका लिपीत ती बिघाड, दुसऱ्या लिपीत गरज. या फरकात कचेरीतल्या मराठीचा बराच इतिहास दडला आहे. आजचा धागा अडलेल्या कॅरेजविषयी आहे. ती का अडते, कशी सोडवायची आणि देवनागरीसाठी ती मुद्दाम का अडवावी लागली, हे क्रमाने पाहू.

२/
आधी यंत्राची ओळख. टाइपरायटरच्या माथ्यावर एक रबरी रूळ असतो. कागद त्याभोवती गुंडाळतात. हा रूळ ज्या सरकत्या सांगाड्यात बसवलेला असतो, त्याला कॅरेज म्हणतात. अक्षराचा ठसा दर वेळी एकाच ठिकाणी आदळतो. सरकतो तो कागद. आपण डावीकडून उजवीकडे लिहितो, म्हणून कॅरेज उजवीकडून डावीकडे जाते. ओळ संपली की टंकलेखक दांडा ओढून तिला पुन्हा उजवीकडे नेतो, आणि त्याच हालचालीत रूळ फिरून नवी ओळ समोर येते. १८७४ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या रेमिंग्टन यंत्रात हे काम शिवणयंत्रासारख्या पायपट्टीने होत असे. शोल्स आणि ग्लिडन यांचे ते यंत्र, त्यामुळे शिवणयंत्राचा भाऊ शोभे.

३/
कॅरेज सरकते कशामुळे? यंत्राच्या मागच्या बाजूला एका डबीत गुंडाळलेली स्प्रिंग असते. तिला जोडलेला पट्टा कॅरेजला सतत डावीकडे ओढत असतो. कॅरेजला अडवणारे काही नसते, तर ती एका झटक्यात टोकाला जाऊन आदळली असती. तिला रोखून धरते एक दातेरी चाक आणि त्यात अडकलेल्या दोन खिट्या. लंबकाच्या घड्याळातही हीच युक्ती असते. कळ दाबली की एक खिटी सुटते आणि दुसरी धरते. बोट उचलले की चाक एक दात पुढे जाते. म्हणजेच ठसा उमटतो त्या क्षणी कॅरेज स्थिर असते आणि त्यानंतर नेमके एक पाऊल टाकते. रोमन यंत्रात अशी पावले साधारणपणे इंचाला दहा किंवा बारा असतात.

४/
एवढे कळले की अडलेल्या कॅरेजचे निदान तर्काने करता येते. कॅरेज चालण्यासाठी तीन गोष्टी लागतात : ओढ, मोकळी वाट आणि वेळेवर सुटणारी खिटी. यांपैकी काय हरवले ते शोधायचे. मात्र पेचकस हातात घेण्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : कॅरेज खरोखर अडली आहे, की यंत्राने तिला नियमाप्रमाणे थांबवले आहे?

५/
हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कागदाच्या दोन्ही बाजूंना समास सोडण्यासाठी कॅरेजवर दोन अडसर असतात. उजव्या समासाजवळ आले की घंटी वाजते, आणखी काही अक्षरे उमटली की यंत्र थांबते. नवख्याला वाटते यंत्र बंद पडले. प्रत्यक्षात ओळ संपलेली असते. समास ओलांडण्यासाठी वेगळी कळ असते. ती दाबून पाहावी. दोन्ही अडसर जवळजवळ सरकलेले नाहीत ना, हे पाहावे. अनेक यंत्रांत, विशेषतः पेटीत घालून नेण्याच्या लहान यंत्रांत, प्रवासासाठी कॅरेज जखडून ठेवणारी कळही असते. ती उघडली आहे का, हेही पाहावे. जुने यंत्र नुकतेच घरी आणले असेल, तर पहिला संशय या कळीवर घ्यावा.

६/
हे सर्व ठीक असेल तर कॅरेज मोकळी करणारी कळ दाबून तिला हाताने हलकेच सरकवावे.

हाताने ती सहज सरकते, पण टाइप करताना पुढे जात नाही : ओढ गेली आहे. पट्टा तुटला आहे, आकड्यातून निसटला आहे किंवा स्प्रिंगचा ताण उतरला आहे.

हातानेही सरकत नाही : वाट अडली आहे. रुळांत सुटा स्क्रू, टाचणी, कागदाचा कपटा किंवा गंज सापडेल.

सरकते, ओढही जाणवते, पण पाऊल कधी पडते आणि कधी पडत नाही : खिट्या चिकटल्या आहेत.

निसटलेला पट्टा पुन्हा अडकवताना डबी हातातून सुटू देऊ नये. ताणलेली स्प्रिंग एका क्षणात उलगडते आणि स्वतःचेच नुकसान करून घेते.

७/
खिट्या का चिकटतात? बहुधा प्रेमामुळे. यंत्र जड चालले की घरातले कोणीतरी शिवणयंत्राचे तेल आत सोडते. चार दिवस ते छान चालते. मग त्या तेलावर धूळ बसते, मुंबईची दमट हवा तिला मदत करते आणि डिंकासारखा थर तयार होतो. दुसरा गुन्हेगार म्हणजे खोडरबर. रबराचा चुरा थेट यंत्राच्या पोटात पडतो. म्हणून खोडण्यापूर्वी कॅरेज एका बाजूला सरकवावी आणि चुरा यंत्राबाहेर पडू द्यावा, अशी शिस्त टंकलेखकाला लावली जाई. उपाय उलटा आहे : तेल घालण्याऐवजी जुने तेल काढायचे. मऊ ब्रश, थोडे स्पिरिट आणि भरपूर धीर, इतके पुरते.

८/
येथपर्यंतचे सगळे कोणत्याही टाइपरायटरला लागू आहे. आता देवनागरीकडे वळू. तिच्या अडचणीचे मूळ छापखान्यात आहे. १८३१ मध्ये गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग शिळाप्रेसवर छापले. शिळेवर हाताने लिहिलेले तसेच उमटते, त्यामुळे लिपीला काहीही सोडावे लागत नाही. पुढे खिळ्यांचे मुद्रण वाढले आणि जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या देखण्या अक्षरांनी देशभर नाव मिळवले. पण त्या देखणेपणामागे जुळाऱ्याच्या समोर मांडलेल्या शेकडो घरांच्या पेट्या होत्या. जोडाक्षरे, मात्रा, रफार, उकार या सर्वांसाठी वेगवेगळे खिळे लागत.

९/
टाइपरायटरला इतकी घरे कोठून मिळणार? सामान्य कचेरी यंत्रावर चाळीस ते शेहेचाळीस कळा असतात. प्रत्येक कळीवर दोन चिन्हे धरली तरी मजल नव्वदीच्या आसपास. रोमन लिपीची लहान-मोठी बावन्न अक्षरे, दहा आकडे आणि विरामचिन्हे त्यात आरामात मावतात. मराठीला स्वर हवेत, व्यंजने हवीत, मात्रा, अर्धी अक्षरे, रफार, आकडे, शिवाय ळ आणि ‘सुऱ्या’तला अर्धा र. शेकडो खिळ्यांचे काम नव्वद चिन्हांत भागवायचे होते.

१०/
विसाव्या शतकात यावर दोन दिशांनी विचार झाला. पहिली दिशा : लिपीने यंत्रासाठी बदलावे. रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळात, म्हणजे १९२४ ते १९३७ दरम्यान, सावरकरांनी लिपिशुद्धीची मोहीम चालवली. इ, ई, उ, ऊ यांच्याऐवजी अि, अी, अु, अू लिहावे, म्हणजे खिळे कमी लागतील, असा तो विचार. १९५३ मध्ये लखनौच्या लिपी-सुधार परिषदेने तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली. लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि काही वर्षांतच ती शिफारस मागे घ्यावी लागली. आपण आजही ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतो, हा त्या वादाचा निकाल.

११/
दुसरी दिशा : यंत्राने लिपीसाठी बदलावे. रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी कळफलकात दोन युक्त्या दिसतात. पहिली युक्ती काटकसरीची. ख, घ, ण, थ, ध, भ, श, ष यांसारख्या अक्षरांची पूर्ण रूपे कळफलकावर ठेवलीच नाहीत. फक्त अर्धे रूप ठेवले. त्याला काना जोडला की पूर्ण अक्षर तयार. त्याच अर्ध्या रूपाने जोडाक्षरही साधते. किंमत मोजावी लागते ती बोटांना. ‘भाषा’ हा शब्द घ्या : अर्धा भ, काना, पुन्हा काना, अर्धा ष, काना, पुन्हा काना. दोन अक्षरांच्या शब्दाला सहा ठोके.

१२/
दुसरी युक्ती कॅरेजची, आणि या धाग्याचा गाभा तीच. मात्रा, उकार, अनुस्वार, रफार यांना स्वतःची जागा नसते. ती अक्षराच्या वर किंवा खाली बसतात. प्रत्येक कळीसरशी कॅरेज एक पाऊल सरकली, तर मात्रा अक्षर सोडून शेजारी जाऊन पडेल. म्हणून या खुणांच्या कळा कॅरेजच्या खिट्यांपासून तोडल्या गेल्या. कळ दाबली की ठसा उमटतो, पण खिटीला धक्का लागत नाही आणि कॅरेज जागची हलत नाही. अशा कळीला डेड की म्हणतात. फ्रेंच आणि जर्मन यंत्रांत स्वरांवरच्या खुणांसाठी अशा एक-दोन कळा असत. देवनागरीत मात्र जवळजवळ प्रत्येक शब्दाला तिची गरज पडते. रोमनसाठी जो अपवाद, तो येथे नित्याचा नियम झाला.

१३/
आता निदानाकडे परत येऊ, कारण मराठी यंत्रात बिघाडाची व्याख्याच दुहेरी होते. अक्षराच्या कळीनंतर कॅरेज हलली नाही, तर बिघाड. अक्षरे एकावर एक साचतात. आणि मात्रेच्या कळीनंतर कॅरेज हलली, तर तोही बिघाड. ‘के’ फुटतो, मात्रा एकटी पडते. हा दुसरा बिघाड इंग्रजी यंत्राच्या सवयीने पाहणाऱ्याच्या लक्षातच येणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने कॅरेज उत्तम चालते आहे. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला मराठी लिहिता येवो न येवो, कोठे थांबणे योग्य आणि कोठे सरकणे योग्य, इतकी लिपी तरी समजावीच लागते.

१४/
शिरोरेषा हीही एक परीक्षा. रोमन अक्षरे सुटी असतात. कॅरेजचे पाऊल केसभर चुकले तरी वाचणाऱ्याला जाणवत नाही. देवनागरीत मात्र प्रत्येक ठशावरची रेघ शेजारच्या रेघेला भिडावी लागते. पाऊल जरा लांब पडले की शिरोरेषेत फट दिसते. आखूड पडले की रेघा एकमेकींवर चढून ठळक डाग पडतो. म्हणून यंत्राची प्रकृती तपासायची तर एखादा लांब शब्द टाइप करून त्याची शिरोरेषा पाहावी. ती सलग असेल तर स्प्रिंग, चाक आणि खिट्या निरोगी आहेत.

१५/
या सगळ्याला राजकीय महत्त्व आले ते १ मे १९६० नंतर. मराठी भाषकांचे राज्य झाले, त्याच वर्षीच्या जुलैत भाषा संचालनालय स्थापन झाले. १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६६ पासून, काही वगळलेली प्रयोजने सोडून, शासकीय कामकाजाची भाषा मराठी ठरली. कायदा एका दिवसात लागू होतो. पण परिपत्रक, आदेश, टिपणी, स्मरणपत्र हे सारे कोणीतरी टाइप करावे लागते. मराठीचे राज्य प्रत्यक्ष कागदावर यायचे, तर मराठी यंत्रे आणि ती चालवणारी बोटे दोन्ही हवी होती.

१६/
येथे शीव आणि माटुंग्याचा संबंध येतो. शीव म्हणजे सीमा. मुंबई बेटाची साष्टीकडची वेस. विसाव्या शतकात या वेशीलगतच्या वस्त्यांत दक्षिणेतून आलेली अनेक सुशिक्षित कुटुंबे स्थिरावली. कारकुनी, लघुलेखन आणि इंग्रजी टंकलेखन हे त्यांतील कित्येकांचे पोटापाण्याचे साधन. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ मध्ये माटुंग्यात निघाली आणि तिचे शीवचे महाविद्यालय १९६० मध्ये, म्हणजे राज्याच्याच वर्षी, सुरू झाले. इंग्रजी पत्रव्यवहारावर चालणाऱ्या शहरात इंग्रजी टाइपरायटर म्हणजे नोकरीची किल्ली होती. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली, तेव्हा कचेऱ्यांतील याच नोकऱ्या कोणाला मिळतात हा तिच्या सुरुवातीच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा होता.

१७/
दोन तारखा शेजारी ठेवून पाहा : १ मे १९६६ आणि १९ जून १९६६. एकीकडे मराठी कामकाजाचा शासकीय निर्णय, दुसरीकडे नोकऱ्यांवरून पेटलेले राजकारण. त्या वादाच्या तापलेल्या भाषेत दोन्ही बाजूंची माणसे हरवून जातात. वस्तुस्थिती अशी की इंग्रजी यंत्र शिकून आलेला तरुण आणि मराठी यंत्र शिकू पाहणारा तरुण दोघेही एकाच तऱ्हेच्या खुर्चीसाठी झगडत होते : खिडकीजवळचे छोटे टेबल, रिबिनीची शाई लागलेली बोटे आणि महिन्याच्या एक तारखेचा पगार.

१८/
यंत्रांचा पुरवठाही याच शहराशी जोडलेला आहे. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कुलुपांचा कारखाना काढला. त्याच उद्योगाने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. कुलूप आणि टाइपरायटर यांत वाटते तितके अंतर नाही. दोन्हींत स्प्रिंग, खाच आणि खिटी यांचाच खेळ आहे. नेमके कधी अडायचे आणि कधी सुटायचे यावरच दोन्हींची किंमत ठरते. पुढे सरकारी कचेऱ्या, न्यायालये, बँका आणि टंकलेखन संस्था यांत ही यंत्रे सर्वत्र दिसू लागली.

१९/
मग आली परीक्षा. शासकीय वाणिज्य प्रमाणपत्र परीक्षा : मराठी तीस शब्द, मराठी चाळीस शब्द, इंग्रजी तीस, चाळीस, पन्नास. मिनिटाला इतक्या वेगाने बिनचूक टाइप करता आले की प्रमाणपत्र. गिरगाव, दादर, परळच्या चाळींत राहणाऱ्या मुलामुलींसाठी हा परवडणारा मार्ग होता. महाविद्यालयाची पदवी लांबची गोष्ट. टायपिंगचा क्लास चालत जाण्याच्या अंतरावर. मुलींना तर घरातून कचेरीत जाण्याची परवानगी मिळवून देणारा तो कागद ठरला. अशा वेळी परीक्षेत कॅरेज अडणे म्हणजे निव्वळ यांत्रिक अडचण राहत नाही. घड्याळ थांबत नाही. पट्टा निसटला की सहा महिन्यांची तयारी निसटते. यंत्र स्वच्छ ठेवण्याची शिस्त इतकी कडक का होती, ते येथे कळते.

२०/
आता एक लोकप्रिय गैरसमज. एप्रिल २०११ मध्ये ‘जगातील शेवटचा टाइपरायटर कारखाना भारतात बंद’ अशी बातमी जगभर फिरली. तीत अर्धेच सत्य होते. गोदरेजने सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथील टाइपरायटरचे उत्पादन २००९ मध्येच थांबवले होते. २०११ मध्ये उरलेला साठा विकला जात होता. शिवाय जगात इतरत्र टाइपरायटर तेव्हाही बनत होते. कंपनीच्या अधिकाऱ्याने त्या वेळी सांगितल्याप्रमाणे २००९ पर्यंत वर्षाला दहा ते बारा हजार यंत्रे तयार होत होती. संगणक घरोघरी पोचल्यानंतरही इतकी मागणी टिकली, ती प्रामुख्याने सरकारी कचेऱ्या आणि न्यायालयांमुळे. शासकीय टंकलेखन परीक्षा तर गेल्या दशकात संगणकावर गेली.

२१/
यंत्र गेले, पण त्याची कॅरेज आपल्या संगणकात राहून गेली. युनिकोड रुळण्यापूर्वीचे अनेक मराठी-हिंदी फाँट रेमिंग्टनच्या कळफलकावर बेतलेले होते. टंकलेखकांच्या बोटांची सवय मोडू नये, हा त्यामागचा व्यवहार. त्या फाँटांत आजही ख म्हणजे अर्धा ख अधिक काना, आणि ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोड उलट विचार करते : आधी क, मग इकार, वेलांटी डावीकडे कशी मांडायची ते फाँट पाहील. म्हणून जुन्या फाँटातली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य रोमन चिन्हे दिसतात. संगणकाने मजकूर साठवलाच नव्हता. त्याने टंकलेखकाचे ठोके साठवले होते. राज्यातील हजारो जुन्या फाइलींच्या डिजिटायझेशनमधला हा अडसर मूळचा त्या दातेरी चाकाचा आहे.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी याचा उपयोग काय? टाइप केलेला मराठी कागद हाती आला की मजकूर वाचण्याआधी अक्षरांकडे पाहा. शिरोरेषा कोठे तुटते? कोणती मात्रा नेहमी एका बाजूला झुकते? कोणता ठसा झिजला आहे? दोन पत्रांत हे दोष सारखे आढळले, तर ती एकाच यंत्रावरची असण्याची शक्यता बळावते. तारीख नसलेल्या पत्राचे मूळ शोधताना असा पुरावा कामी येतो. यंत्राचे व्यंग हीच त्याची सही असते.

२३/
आणि घरात माळ्यावर एखादे मराठी यंत्र पडून असेल, तर भंगारात देण्याआधी एक प्रयोग करा. समासाचे अडसर बाजूला सारा, प्रवासाची कळ उघडा, रुळांवरची धूळ झटका आणि ‘के’ टाइप करून पाहा. मात्रा क वरच बसली आणि कॅरेज दोन ठोक्यांत एकच पाऊल चालली, तर समजा की ते यंत्र अजून मराठी विसरलेले नाही. मग घरातल्या ज्या व्यक्तीने त्यावर तीस किंवा चाळीस शब्दांची परीक्षा दिली, तिला विचारा : प्रमाणपत्र मिळाल्यावर पहिली नोकरी कोठे लागली? उत्तरे खाली जरूर लिहा. कचेरीतल्या मराठीचा हा भाग बहुतांशी अजून लिहिलाच गेलेला नाही.

(धागा समाप्त)